एकच मेसेज अकरा वेळा : द्राक्षबागांच्या सल्लासेवेतल्या एका बिघाडाची हकीकत

"भाऊ, तुमच्या मशिनीला डाऊनी झाली का?"

दिवाळीनंतरच्या आठवड्यात सकाळी सव्वासहाला निफाड तालुक्यातल्या एका बागायतदारांचा फोन आला, तो असा. ऑफिसात आम्ही सगळे त्यांना अण्णाच म्हणतो. फवारणीचा एकच मेसेज त्यांच्या मोबाइलवर लागोपाठ अकरा वेळा वाजला होता. अण्णांनी बसून मोजले होते. "पहिले दोन वाचले. मग वाटलं, बाग पेटली का काय!"

नाशिकला गंगापूर रोडच्या बाजूला आमचं चार जणांचं ऑफिस आहे. दिंडोरी आणि निफाडकडच्या द्राक्षबागांत छोटी हवामान यंत्रं उभी आहेत. ती तापमान, आर्द्रता, पाऊस आणि पानांवरचा ओलावा टिपून दर १५ मिनिटांनी सिमकार्डावरून पाठवतात. त्यावरून डाऊनी आणि भुरी या बुरशीजन्य रोगांचा धोका काढायचा, आमचे कृषी सल्लागार त्यावर नजर टाकणार, आणि सकाळी ६ वाजता बागायतदाराला मेसेज जाणार. ऑक्टोबर छाटणीनंतर पोंग्यापासून, म्हणजे कोंब फुटण्यापासून, फुलोऱ्यापर्यंतचे दिवस नाजूक असतात. तेव्हा सहाचा मेसेज आठला पोचला तर फवारणीचा ट्रॅक्टर एकतर निघून गेलेला असतो, नाहीतर वारा सुटलेला असतो.

हे सगळं ठरल्या वेळी घडवण्यासाठी आम्ही सेलरी वापरतो. पायथनमधली ही व्यवस्था अनेक सर्व्हरांवर कामं वाटून देते. तिच्यात तीन पात्रं आहेत. बीट हा नुसता घड्याळाकडे बघत बसतो आणि वेळ झाली की कामाची चिठ्ठी पेटीत टाकतो. स्वतः काडीचं काम करत नाही. पेटी म्हणजे आमच्याकडे रेडिस नावाचा डेटाबेस. आणि वर्कर म्हणजे पेटीतून चिठ्ठी उचलून काम उरकणारे. नावाचा एक ताप आहे. महिनाअखेरीला कुणी "सेलरी अडकलीय" असं ओरडलं की हिशेब बघणाऱ्या ताई दचकून मान वर करतात. अजूनही.

पहिला संशय आम्ही एसएमएस पुरवणाऱ्या कंपनीवर घेतला. त्यांच्याकडून पोच यायला उशीर झाला असेल आणि त्यांनीच पुन्हापुन्हा पाठवलं असेल, असं मी छातीठोकपणे सांगितलं. अर्धा दिवस त्यांच्याशी वाद घातला. दुपारी त्यांनी त्यांच्याकडची नोंद पाठवली: आमच्याकडून अकरा वेगवेगळ्या विनंत्या, सगळ्या ६ वाजून पहिल्या काही सेकंदांतल्या. मी गप्प झालो.

पैशाचा फटका लहान नव्हता. इंग्रजी अक्षरांत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात. देवनागरीत फक्त ७०. मेसेज त्याहून लांब असला की तो तुकड्यांत जातो आणि प्रत्येक तुकड्यात ६७ अक्षरं मावतात. दोनशे अक्षरांचा आमचा सल्ला म्हणजे तीन तुकडे, आणि बिल तुकड्यावर. अकरा वेळा म्हणजे तेहतीस. महिन्यासाठी भरलेली शिल्लक बुधवारीच आटली. पण मला जास्त लागलं ते वेगळंच. दिंडोरीकडच्या एका बागायतदारांनी वैतागून आमचे मेसेज ब्लॉक केले, आणि त्यानंतर आलेल्या अवकाळीचा इशारा त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही.

त्या रात्री मी आणि आमचा सर्वांत धाकटा सहकारी, दोघं लॉग, म्हणजे सर्व्हरवरच्या कामांच्या नोंदी, उघडून बसलो. तक्रारी दोन प्रकारच्या होत्या आणि त्या आम्ही एकाच पोत्यात भरल्या होत्या. फवारणीचा मेसेज काही जणांना अकरा वेळा, काहींना आठ वेळा, काहींना एकदाच आला होता. उलट साडेसहाला जाणारा हवामानाचा सर्वसाधारण मेसेज सरसकट सगळ्यांना बरोब्बर दोनदा गेला होता.

पोराने विचारलं, "दादा, प्रत्येक कामाला आयडी असतो ना? तो सारखाय का वेगळा?"

प्रश्न साधा होता, आणि तो मला सुचला नव्हता. अण्णांच्या अकराही मेसेजांमागे एकच आयडी निघाला. हवामानाच्या दोन मेसेजांमागे मात्र दोन निराळे. म्हणजे पहिल्यात एकच चिठ्ठी अकरा वेळा वाचली गेली होती आणि दुसऱ्यात मुळात दोन चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या होत्या. आजार दोन, ताप सारखा.

दुसरा आजार पाच मिनिटांत सापडला. हंगामापूर्वी आम्ही एक जादा सर्व्हर घेतला होता आणि पहिल्यावरची सेटिंग जशीच्या तशी त्यावर उतरवली होती. त्या सेटिंगमध्ये वर्कर सुरू करतानाच सोबत बीटही सुरू करणारा पर्याय लिहिलेला होता. एकच सर्व्हर असताना तो सोयीचा होता. दोन झाले तसे शाळेत दोन शिपाई दोन घंटा बडवू लागले. बीट एका वेळी एकच चालू हवा, हे सेलरीच्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलं आहे. आम्ही ते वाचलंही होतं. मग महिनाभर कुणी बोललं का नाही? हवामानाचा मेसेज दोनदा आला तर माणूस दुसरा पुसून टाकतो आणि चहा पितो. फवारणीचा अकरा वेळा आल्यावरच लोकांना दोनचा राग आठवला.

पहिल्याने मात्र रात्र खाल्ली.

कोड तपासला. फवारणीच्या मेसेजच्या भागात गेल्या हंगामापासून एक ओळ बदललेली नव्हती. मग अकरा कुठून आले? आणि दुसऱ्याला आठच का? शेवटी आम्ही वहीत दोन रकाने आखले: सल्लागार सरांनी सल्ला मंजूर केला ती वेळ, आणि मेसेज किती वेळा गेला तो आकडा. अण्णांचा सल्ला संध्याकाळी ७ वाजून १० मिनिटांनी मंजूर झाला होता, मेसेज अकरा. रात्री सव्वादहाला मंजूर झालेले, आठ. पहाटे ५ वाजून २० मिनिटांनी मंजूर झालेले, एक. मंजुरीपासून सकाळी सहापर्यंत जितके पूर्ण तास, त्यात एक मिळवा. दर तासाला एक प्रत वाढत होती.

पूर्वी सर पहाटे साडेपाचला उठून सल्ले मंजूर करायचे. दिवाळीनंतर त्यांनी ठरवलं की हे काम रात्रीच उरकायचं आणि सकाळी जरा झोपायचं. मंजुरीचं बटण दाबलं की आमचा कोड पेटीत चिठ्ठी टाकायचा, आणि चिठ्ठीवर लिहायचा: "उद्या सकाळी ६ च्या आधी करू नये." सेलरीत याला ईटीए म्हणतात. साडेपाच ते सहा हा ईटीए अर्ध्या तासाचा होता. सरांची झोप बदलली आणि तो अकरा तासांचा झाला. बग कोडात पहिल्यापासून होता, सर लवकर उठत होते म्हणून झाकला गेला होता.

आता तासाचं गणित. ईटीएची चिठ्ठी सहापर्यंत पेटीत पडून राहते असं मला वर्षानुवर्षं वाटत होतं. तसं होत नाही. वर्कर ती लगेच उचलतो आणि वेळ येईपर्यंत आपल्या स्मृतीत, म्हणजे उशाखाली, ठेवतो. पोच मात्र देत नाही, कारण पोच काम सुरू होताना जाते. इकडे रेडिसच्या बाजूला एक नियम चालू असतो, व्हिजिबिलिटी टाइमआउट. उचललेल्या चिठ्ठीची पोच ठरलेल्या वेळात आली नाही तर नेणारा वर्कर मेला असं धरायचं आणि चिठ्ठी पुन्हा पेटीत टाकायची. ही ठरलेली वेळ मुळात १ तासाची. रजिस्टर टपालाची पोच आली नाही म्हणून कारकुनाने दुसरी नक्कल धाडावी, तसंच. म्हणून सात वाजून दहाची चिठ्ठी आठ वाजून दहाला पुन्हा पेटीत आली, पुन्हा कुणीतरी उचलली, पुन्हा उशाखाली गेली. पहाटेपर्यंत अकरा प्रती अकरा उशांखाली, आणि सहाच्या ठोक्याला सगळे एकदम जागे.

आम्हाला हे पेटीत दिसलं कसं नाही, तर रेडिसमध्ये त्या चिठ्ठीची नोंद कुठल्याही क्षणी एकच असते. प्रती वाढतात त्या वर्करांच्या स्मृतीत. रांगेची लांबी दाखवणारा आमचा फलक रात्रभर हिरवागार होता. वर्करांना त्यांच्याकडे काय काय वेळेसाठी राखून ठेवलंय हे विचारणारी आज्ञा सेलरीत आहे. ती चालवल्यावर एकच आयडी ठिकठिकाणी दिसू लागला.

दुसऱ्या दिवसापासून मेसेज थांबवायचे तर हंगाम जाणार, म्हणून मी घाईने एक ठिगळ लावलं. मेसेज पाठवण्यापूर्वी त्या बागेच्या नावाने रेडिसमध्ये ६० सेकंदांचं कुलूप घ्यायचं. कुलूप आधीच लागलेलं असेल तर गुपचूप निघून जायचं. अकराही प्रती एकदम येत असल्याने ते बहुतेकांना पुरलं. पण सकाळी सहाला एसएमएसची सेवा मंदावते, वर्कर तुंबतात, आणि सातवी प्रत सत्तराव्या सेकंदाला उगवते. तेव्हा कुलूप आपोआप उघडलेलं असतं. काही जणांना अजूनही दोन-तीन मेसेज जातच होते.

कुलपाचा आमचा आणखी एक जुना अनुभव आहे, तो इथेच सांगतो. यंत्रांकडून माहिती ओढणारं काम दर १५ मिनिटांनी चालतं. एखाद्या गावाचा टॉवर बंद असला की ते वीस-वीस मिनिटं लटकायचं आणि पुढची फेरी त्याच्या डोक्यावर येऊन बसायची. म्हणून त्याला कुलूप लावलं, पण मुदत घालायला विसरलो. एका रात्री वर्कर मध्येच मारला गेला, कुलूप लागलेलंच राहिलं, आणि सकाळपर्यंत एकाही बागेची माहिती आली नाही. तेव्हापासून कुलपाला मुदत असतेच, आत प्रत्येक वेळी वेगळा खुणेचा शब्द असतो म्हणजे एकाचं कुलूप दुसरा उघडत नाही, आणि यंत्राशी बोलताना किती सेकंद थांबायचं याची मर्यादाही असते. शिवाय त्या चिठ्ठीवर १४ मिनिटांची मुदत लिहिलेली असते. वर्कर तासभर बंद राहून परत आले तर शिळ्या चार फेऱ्या चालवण्यात काही अर्थ नसतो.

मूळ मुद्द्याकडे येतो. ऑफिसात तीन उपाय चर्चेला आले.

व्हिजिबिलिटी टाइमआउट २४ तास करा, हा पहिला. एका ओळीचं काम. पण मग वर्कर खरोखरच मेला तर त्याच्या हातातलं काम दुसऱ्याला मिळायला दिवस उलटणार, आणि ती सोय तर आम्हाला हवी होती. दुसरा उपाय, रेडिस सोडून रॅबिटएमक्यू या दुसऱ्या पेटीवर जायचं. तिथे हा नियम नाही, पण त्याच्या नव्या आवृत्त्यांत पोच किती वेळात यावी याची वेगळी मर्यादा आहे, मुळात ३० मिनिटांची. ती उलटली की तो वर्करची वाहिनीच बंद करतो. घर बदललं तरी भाडेकरार तोच.

तिसरा उपाय मी आधी हसण्यावारी नेला, कारण तो फारच गावठी वाटला: उद्याचं काम रांगेत ठेवायचंच नाही, वहीत लिहायचं. तोच आम्ही केला.

वही म्हणजे पोस्टग्रेस या डेटाबेसमधलं एक टेबल. सरांनी सल्ला मंजूर केला की त्यात एक ओळ पडते: कोणती बाग, कोणत्या तारखेचा, कोणत्या प्रकारचा मेसेज, कधी पाठवायचा, आणि स्थिती. बाग, तारीख आणि प्रकार ही तिन्ही मिळून एकदाच येऊ शकतात, तशी अट टेबलावरच घातली आहे. कुणी दहा वेळा बटण दाबलं तरी ओळ एकच. बीट दर मिनिटाला एक हलकी चिठ्ठी टाकतो, "वहीत कुणाची वेळ झालीय का बघ." ज्या वर्करला ती मिळते तो वेळ झालेल्या ओळी कुलूपबंद करून उचलतो, दुसरा त्याच क्षणी आला तर त्याला त्या ओळी वगळून पुढच्या दिसतात. पोस्टग्रेसमध्ये ९.५ आवृत्तीपासून, म्हणजे २०१६ च्या जानेवारीपासून, स्किप लॉक्ड नावाने ही सोय आहे. उचललेल्या ओळीची स्थिती "उचलली" करायची, आणि मगच एका बागेची एक अशी छोटी चिठ्ठी पाठवणाऱ्यांच्या रांगेत टाकायची. आता चुकून दोन बीट चालू राहिले तरी दुसऱ्याच्या हाती रिकामी वही येते. बीटही आम्ही वर्करपासून तोडून एकाच सर्व्हरवर स्वतंत्र ठेवला.

पाठवणाऱ्या वर्करचा नियम असा: मेसेज पाठवण्याआधी ओळीची स्थिती "उचलली"वरून "पाठवतोय" करायची. हा बदल ज्याला करता आला त्यानेच पाठवायचं. बाकीचे परत.

इथे एक भोक राहतं. वर्करने मेसेज पाठवला आणि "गेला" असं लिहिण्याआधीच तो कोसळला, तर मेसेज गेला की नाही हे वहीला कळत नाही. रांगेची कुठलीही व्यवस्था "किमान एकदा" किंवा "फार तर एकदा" यांपैकी एकच कबूल करते. "नेमकं एकदा" हे तिच्या हाती नसतं, कारण मेसेज बाहेरच्या जगात निघून गेलेला असतो. आम्ही ठरवलं की फवारणीच्या सल्ल्यात संशय असेल तर आपणहून पुन्हा पाठवायचं नाही. दहा मिनिटं "पाठवतोय"वर अडकलेल्या ओळी वेगळ्या यादीत येतात, मेसेजला आम्ही दिलेल्या क्रमांकावरून एसएमएस कंपनीकडे पोच विचारली जाते, आणि तरीही कळलं नाही तर ताई सरळ फोन लावतात. रोज सकाळी असे एक-दोनच असतात. माणसाने करावं असं हे काम आहे, असं माझं मत आहे. धाकट्याला ते पटत नाही.

वहीचा एक फायदा आम्ही मोजलाच नव्हता. पूर्वी रात्री दोनला पाऊस आला आणि सरांना सल्ला रद्द करायचा असला तर पंचाईत व्हायची. सेलरीत चिठ्ठी रद्द करता येते, पण रद्द झालेल्या आयडींची यादी वर्कर आपल्या स्मृतीतच ठेवतात. वेगळी सोय केलेली नसेल तर सगळे वर्कर बंद करून चालू केल्यावर ती पुसली जाते. एकदा असाच रद्द केलेला सल्ला सकाळी जाऊन पोचला होता. आता सर ओळ उघडून मजकूर बदलतात किंवा खोडतात, संपलं. काढणीपूर्वी फवारणी थांबवण्याच्या मुदतीची, म्हणजे पीएचआयची, आठवण देणारा कोडही तेव्हा लिहून तयार होता, एकवीस दिवसांच्या ईटीएसकट. तासाला एक या हिशेबाने कागदावर पाचशे चार प्रती. तो आम्ही न बोलता पुसून टाकला.

वेळेच्या गोष्टीत घड्याळाचा किस्सा राहून चालणार नाही. सेलरीचं घड्याळ मुळात यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, चालतं. पहिल्या हंगामात सकाळी ६ लिहिलं आणि मेसेज साडेअकराला गेले. कुणीतरी, म्हणजे मीच, साडेपाच तास वजा करून ००:३० लिहिलं आणि विषय मिटवला. पुढे एका सहकाऱ्याने शिस्तीत येऊन सेटिंगमध्ये आशिया-कोलकाता लिहिलं, माझं ००:३० मात्र तसंच राहिलं. मेसेज रात्री साडेबाराला. तक्रारी आल्याच, पण दोघांनी कौतुकही केलं: "बरं केलं राव, रात्रीच्या लाइटला मोटार चालू करायला जागाच होतो." आता वहीत वेळ यूटीसीत आणि पडद्यावर भारतीय, आणि डोक्यातली वजाबाकी बंद.

जानेवारीत वहीची परीक्षा झाली. निफाडला थंडीचा कडाका होता. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा पारा काय म्हणतो हे रोज सकाळी सगळ्यांच्या तोंडी असतं. अशा पहाटे मणी तडकू नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटवतात, पाणी सोडतात. आमच्या ज्या सर्व्हरवर बीट होता त्याची डिस्क रात्री दोनला लॉगने भरली आणि बीट थांबला. बीट जिवंत आहे का हे बघणारा एक साधा पहारेकरी दुसऱ्या सर्व्हरवर, सेलरीच्या बाहेर ठेवलेला होता. त्याने दहा मिनिटांत फोन वाजवला. मी फोन सायलेंट करून झोपलो होतो. सगळं पुन्हा चालू झालं तेव्हा ७ वाजून ४० मिनिटं झाली होती.

वहीत पहाटेच्या ओळी तशाच पडून होत्या. आमच्या जुन्या व्यवस्थेत त्या सगळ्या एकदम सुटल्या असत्या. पण प्रत्येक ओळीवर आम्ही एक रकाना वाढवला होता, "शिळी होण्याची वेळ", आणि तो भरायचं काम सरांचं होतं, आमचं नाही. दिवसाच्या हवामानाची मुदत सकाळी दहापर्यंत, म्हणून ते मेसेज गेले. फवारणीची साडेसातला संपली होती, थंडीच्या इशाऱ्याची सूर्योदयालाच. ते गेले नाहीत.

आठच्या सुमारास अण्णांचा फोन. मी आधीच माफी मागायला लागलो. ते म्हणाले, "अरे भाऊ, थंडीला काय तुमचा मेसेज लागतो? मी चारलाच उठून पाणी सोडलं. पण इशारा पहाटे पाचला देऊन तुम्ही आम्हाला करायला वेळ तरी किती ठेवता?"

मुदतीचा रकाना भरताना सरांनाही तेच वाटलं होतं, पण विचारलं कुणी नव्हतं. थंडीचा इशारा आता आदल्या रात्री ९ वाजता जातो.